ठाणे खाडीतल्या माशात कोणतं रसायन किती साचेल, हा अंदाज कसा बांधायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी मुलगी पर्यावरणशास्त्रात एमएस्सी करते, घर बेलापूरजवळच्या दिवाळे गावात, वडील खाडीत मासेमारी करतात. प्रकल्पासाठी तिने सात रसायनं निवडली आहेत: नॅफ्थलीन, बेन्झो-ए-पायरीन (धूर-काजळीतलं), डीडीटी (कीटकनाशक), ट्रायक्लोसान (साबण-टूथपेस्टमधलं जंतुनाशक), पीएफओएस (डाग-पाणी न धरणाऱ्या लेपांतलं फ्लोरिनयुक्त रसायन), कॅडमियम आणि पारा. सगळ्यांचा बीसीएफ, म्हणजे पाण्यापेक्षा माशात ते किती पट साचतं तो आकडा, लॉग केओडब्ल्यूवरून, म्हणजे रसायन पाण्यापेक्षा चरबीकडे किती ओढलं जातं त्या आकड्यावरून, काढायचा असं ठरलं. पण बेन्झो-ए-पायरीनचा आकडा एका समीकरणाने तीस हजार येतो, ईपीआय स्वीट या सॉफ्टवेअरमध्ये एका ठिकाणी पाच हजारांच्या आसपास, आणि त्याच सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्या ठिकाणी त्याहून खूपच खाली. कुठला धरायचा? शिवाय वडील विचारतात, मग खाडीची मासळी खायची की नाही?

आधी यादीबद्दल सांगतो, कारण खरी अडचण तिथेच आहे. तुमची सात रसायनं एका समीकरणात बसणारी नाहीत. नॅफ्थलीन, बेन्झो-ए-पायरीन आणि डीडीटी ही चरबीत विरघळणारी, विद्युतभार नसलेली सेंद्रिय रसायनं आहेत. केओडब्ल्यू हा आकडा ऑक्टॅनॉल आणि पाणी यांच्यातल्या वाटणीचा. त्यात ऑक्टॅनॉलला माशाच्या चरबीच्या जागी धरलेलं असतं, म्हणून या तिघांसाठी तो कामाचा आहे. ट्रायक्लोसान अर्धवट बसतं. पीएफओएस बसत नाही. कॅडमियम आणि पाऱ्याला तर केओडब्ल्यू लावायचाच नसतो. सॉफ्टवेअरमध्ये नाव टाकलं की ते काहीतरी आकडा देतंच, समोरचं रसायन त्याच्या कक्षेत बसतं की नाही हे ते ओरडून सांगत नाही. ती तपासणी आपण करायची.

आता बेन्झो-ए-पायरीन. त्याचा लॉग केओडब्ल्यू सुमारे ६.१ आहे. १९७९ पासून वापरात असलेलं जुनं समीकरण असं आहे: लॉग बीसीएफ = ०.८५ × लॉग केओडब्ल्यू − ०.७०. त्यात ६.१ घातले की ४.४८ येतात, म्हणजे बीसीएफ १० चा ४.४८ वा घात, तीस हजार. ईपीआय स्वीटमधलं समीकरण, त्याचे सुधार-गुणक सोडले तर, साधारण ०.६६ × लॉग केओडब्ल्यू − ०.३३ असं आहे. त्यातून ३.७ येतात, म्हणजे पाच हजार. दोन्ही बरोबरच आहेत, फक्त दोन्ही सरळ रेषा वेगवेगळ्या रसायनांच्या गटांतून काढलेल्या आहेत. एका गटात मासा सहज तोडू शकत नाही अशी रसायनं जास्त होती, दुसऱ्यात सगळा मिश्र मामला होता, म्हणून रेषेचा चढ कमी झाला. तुमचं रसायन कुठल्या गटासारखं वागतं हे माहीत नसेल तर या दोन आकड्यांमध्ये निवड करायला काही आधारच नाही. सॉफ्टवेअरमधला तिसरा, सगळ्यात खालचा आकडा मात्र वेगळ्या पद्धतीने आलेला आहे. त्यात मासा हे रसायन किती वेगाने तोडतो याचा अंदाज धरलेला असतो. बेन्झो-ए-पायरीनसाठी मी तोच धरेन, आणि कारण नीट समजून घ्या, कारण या विषयाचा गाभा तो आहे.

माशाच्या अंगात रसायन किती साचेल हा जमाखर्चाचा प्रश्न आहे. जमेची बाजू म्हणजे कल्ल्यांतून आणि अन्नातून येणारं. खर्चाची बाजू चार ठिकाणची: कल्ल्यांतून परत पाण्यात जाणं, विष्ठेतून जाणं, यकृतात तोडलं जाणं, आणि मासा वाढल्यामुळे पातळ होणं. जमेची बाजू चरबीत विरघळणाऱ्या रसायनांमध्ये एकमेकांपासून फारशी वेगळी नसते. खर्चाची बाजू मात्र हजारपट वेगळी असू शकते. म्हणून अंदाज बांधताना पहिला प्रश्न विचारायचा तो बाहेर पडण्याबद्दल: हे रसायन माशाच्या अंगातून निघतं कसं आणि किती दिवसांत?

हिशेब करून दाखवतो. १० ग्रॅमचा, ५ टक्के चरबी असलेला मासा घ्या. आर्नोट आणि गोबास यांनी २००३ मध्ये मांडलेल्या मॉडेलमधलं कल्ल्यांचं सूत्र वापरलं, तर हा मासा किलोमागे दिवसाला सुमारे ६३० लिटर पाण्यातलं रसायन अंगात घेतो. म्हणजे त्या एवढ्याशा माशापुरतं बघितलं तर रोज ६ लिटरहून जास्त. रसायनाचा लॉग केओडब्ल्यू ६ धरा. कल्ल्यांतून परत जाण्याचा दर येतो दिवसाला ०.०१२६, म्हणजे अंगातल्या रसायनाचा सुमारे सव्वा टक्का. ६३० ला ०.०१२६ ने भागा: बीसीएफ ५०,०००. हे मासा रसायन अजिबात तोडत नाही असं धरून.

आता तोडण्याचा दर मिळवा. माशाच्या अंगात ते रसायन ७० दिवसांत निम्मं होत असेल तर बीसीएफ २८,००० वर येतो. ७ दिवसांत निम्मं होत असेल तर ५,७००. एका दिवसात निम्मं होत असेल तर ९००. केओडब्ल्यू तोच, मासा तोच, पाणी तेच. युरोपच्या रीच या रसायनविषयक कायद्यात २,००० च्या वर बीसीएफ गेला की रसायन 'जैवसंचयी' आणि ५,००० च्या वर गेला की 'अतिजैवसंचयी' ठरतं. दीर्घकाळ टिकणाऱ्या विषारी रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करारातही ५,००० हाच निकष आहे, आणि आकडा नसेल तर लॉग केओडब्ल्यू ५ च्या वर. म्हणजे एकच लॉग केओडब्ल्यू असलेली दोन रसायनं, एक बंदीच्या यादीच्या दारात आणि दुसरं निकषाच्या खूप खाली, हे फक्त यकृताच्या कामावर ठरतं.

हाच हिशेब लॉग केओडब्ल्यू ३.५ ला करून बघा. कल्ल्यांतून परत जाण्याचा दर तिथे दिवसाला ३.९ इतका मोठा आहे. बीसीएफ १५८ येतो. एका दिवसात निम्मं होण्याइतकं जोरात तोडलं तरी १३४. काही फरक नाही. कमी केओडब्ल्यूच्या रसायनांना साधं समीकरण पुरतं ते एवढ्यासाठीच. नॅफ्थलीनचा लॉग केओडब्ल्यू ३.३ आहे, त्याला तुम्ही कुठलंही समीकरण लावा, उत्तर शंभराच्या आगेमागे येईल. त्यावर वेळ घालवू नका.

नॅफ्थलीनचा विषय निघालाच आहे तर खाडीकाठच्या एका जुन्या तक्रारीबद्दल. माशाला रॉकेलचा वास येतो असं ठाण्यापासून उरणपर्यंतचे मच्छीमार सांगत आलेत, आणि ती तक्रार खरी असते. नॅफ्थलीन आणि त्याच्या भाऊबंदांसारखी हलकी तेलकट रसायनं फार कमी प्रमाणातही मासळीला वास लावतात. पण वरच्या सूत्रानेच बघा: इतक्या छोट्या माशातून नॅफ्थलीन स्वच्छ पाण्यात काही तासांत निम्मं होतं. मोठ्या आणि चरबीयुक्त माशाला जास्त वेळ लागतो, तरी गोष्ट दिवसांची आहे, वर्षांची नाही. वास म्हणजे आत्ता, जवळपास कुठेतरी तेल सुटलं आहे याचा पुरावा. साचलेल्या विषाचा तो पुरावा नाही. पाऱ्याला, डीडीटीला, पीएफओएसला माशात कसलाही वास येत नाही. तुमच्या बाबांना हे जरूर सांगा, कारण वास नाही म्हणजे मासळी चोख, असं धरून चालणारे खूप आहेत.

बेन्झो-ए-पायरीनबद्दल अजून एक. मासा ते पटापट तोडतो, पण तिसऱ्या, कालवं, शिंपल्या यांना ते फारसं जमत नाही. त्यामुळे माशासाठी काढलेला आकडा शिंपल्यांना लावला तर फार मोठी चूक होते, आणि तीही धोक्याच्या दिशेने. ऐरोली-वाशीच्या काठावरच्या शिंपल्यांसाठी तो जुना, यकृत न धरणारा अंदाज जास्त जवळचा. शिवाय 'मासा तोडतो' म्हणजे निर्धोक असंही नाही. बेन्झो-ए-पायरीन तुटताना तयार होणारे काही तुकडे डीएनएला चिकटतात, कर्करोगाचा धोका त्यांच्यापासूनच आहे. बीसीएफ कमी म्हणून रसायन सौम्य, असा अर्थ अहवालात कधीही लिहू नका.

प्रयोगांचे छापील आकडे गोळा करताना एक सापळा असतो. जुन्या प्रयोगांत कार्बन-१४ लावलेलं रसायन वापरून माशातली एकूण किरणोत्सारिता मोजायचे. त्यात मूळ रेणूही आला आणि त्याचे तुटलेले तुकडेही. बेन्झो-ए-पायरीनसारख्या रसायनाचा असा बीसीएफ फुगलेला असतो. निबंधात 'मूळ रेणू वेगळा करून मोजला' असं वाक्य सापडलं नाही तर तो आकडा तक्त्यात वेगळ्या रंगात ठेवा.

डीडीटीचं उलटं आहे. लॉग केओडब्ल्यू ६ च्या वर, मासा त्याचं डीडीई करतो, आणि डीडीई पुढे जवळजवळ तुटतच नाही. त्यामुळे मोजायचं असतं दोघांचं मिळून, आणि अंदाज बांधायचा तो डीडीईला धरून. इथे अन्नातून येणारा वाटाही धरावा लागतो, नुसता बीसीएफ पुरत नाही. पाणी आणि अन्न दोन्ही धरून जो गुणक येतो त्याला बीएएफ म्हणतात, आणि लॉग केओडब्ल्यू ५ च्या पुढच्या, न तुटणाऱ्या रसायनांसाठी खरा आकडा तोच. वेळेचाही विचार करा. वरच्या हिशेबातल्या न तुटणाऱ्या रसायनाला १० ग्रॅमच्या माशात स्थिर पातळीच्या ९५ टक्क्यांपर्यंत पोचायला सुमारे २४० दिवस लागतील. १ किलोचा जिताडा घेतला तर निम्मं व्हायलाच जवळजवळ वर्ष. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ३०५ क्रमांकाच्या प्रमाण चाचणीत रसायन देण्याचा काळ साधारण २८ दिवसांचा असतो. म्हणून अशा रसायनांसाठी शेवटच्या दिवशीचं माशातलं भागिले पाण्यातलं असं करत नाहीत. आत जाण्याचा आणि बाहेर पडण्याचा दर वेगवेगळा काढून भागाकार करतात, आणि मासा त्या काळात किती वाढला याची दुरुस्ती लावतात. २०१२ च्या सुधारणेत अन्नातून रसायन देण्याची पद्धतही त्यात आली, कारण पाण्यात न विरघळणारी रसायनं टाकीत स्थिर ठेवणं हाच मोठा त्रास असतो.

आता आपल्या खाडीकडे येऊ. हे सगळे आकडे स्वच्छ पाण्याच्या टाकीतले. ठाणे खाडी साधारण २६ किलोमीटर लांब, अरुंद, उथळ, दोन्ही काठांवर तिवरं, आणि पाणी गढूळ. एका बाजूला ठाणे-बेलापूर पट्ट्यातली एमआयडीसी, दोन्ही बाजूंनी शहरांचं सांडपाणी. चरबीत विरघळणारं रसायन अशा पाण्यात आलं की त्याचा मोठा भाग गाळाच्या कणांना आणि विरघळलेल्या सेंद्रिय द्रव्याला चिकटून बसतो. कल्ल्यांतून आत जातं ते फक्त मोकळं विरघळलेलं. समजा पाण्यात कणरूप सेंद्रिय कार्बन लिटरला ५ मिलिग्रॅम आणि विरघळलेला ५ मिलिग्रॅम आहे. लॉग केओडब्ल्यू ६ असेल तर मोकळा भाग एक तृतीयांशाच्या आसपासच राहतो. बाटली भरून आणलेल्या पाण्यातलं एकूण रसायन मोजलं आणि त्याला बीसीएफने गुणलं, तर कल्ल्यांतून येणारं तिप्पट फुगवून सांगितल्यासारखं होतं. पॉलिथिलीनची किंवा सिलिकॉनची पट्टी खाडीत काही आठवडे टांगून मोकळा भाग मोजता येतो. पट्टी स्वस्त पडते, प्रयोगशाळेतलं विश्लेषण महाग पडतं, पण तुमच्या विभागाला जमण्यासारखं आहे. पट्टी चोरीला जाऊ नये म्हणून ती बाबांच्या डोल जाळ्याच्या खुंटाला बांधा.

पण तेच चिकटलेलं रसायन गाळात खाली बसतं, आणि गाळ खाणाऱ्यांच्या पोटात जातं. बोय माशाचं पोट कधी चिरून बघा. पोटाचा एक भाग जाड, कोंबडीच्या पोटातल्या पेट्यासारखा कठीण असतो, आणि आत असतो काळपट, बारीक, रवाळ चिखल, त्यात शेवाळाचे सूक्ष्म कण. बोय दिवसभर हेच गिळते. निवटी ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलाचा वरचा थर खरवडते. या जिवांसाठी पाण्यापासून सुरुवात करणं मला पटत नाही, गाळापासून करावी. त्यासाठीचा गुणक असा: जिवातलं रसायन भागिले त्याची चरबी, आणि त्याला भागिले गाळातलं रसायन भागिले गाळातला सेंद्रिय कार्बन. न तुटणाऱ्या रसायनांसाठी तो साधारण १ ते २ च्या दरम्यान असतो, सिद्धांतात १.७ धरतात. उदाहरणार्थ, कोरड्या गाळात ग्रॅमला ५० नॅनोग्रॅम पीसीबी (जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलातलं, न तुटणारं रसायन), सेंद्रिय कार्बन २ टक्के, जिवात चरबी दीड टक्का: अंदाज येतो ओल्या वजनाच्या ग्रॅममागे ६४ नॅनोग्रॅमच्या आसपास. बेन्झो-ए-पायरीनसारख्या धुरातून येणाऱ्या रसायनांना मात्र हा १.७ लावू नका. रस्त्यांवरची काजळी त्यांना इतकी घट्ट धरून ठेवते की प्रत्यक्ष आकडा कितीतरी खाली येतो.

त्याच चिखलामुळे मोजमापही बिघडतं. अख्खा मासा वाटून तपासायला दिला की पोटातला चिखलही 'माशातलं कॅडमियम' म्हणून मोजला जातो. बोयचं आतडं काढूनच द्या. तिसऱ्या त्याच जागच्या, गाळून घेतलेल्या खाऱ्या पाण्यात एक दिवस ठेवा, पाणी बदलत राहा, चिखल बाहेर टाकू दे, मगच उघडा. घरात आई तिसऱ्या रांधायच्या आधी जे करते तेच, फक्त नोंद ठेवून.

ट्रायक्लोसानचा सामू-स्थिरांक (पीकेए, म्हणजे ज्या सामूला निम्मे रेणू भारित असतात) ८ च्या जवळ आहे, आणि खाडीचं पाणीही साधारण साडेसात ते आठच्या दरम्यान असतं. म्हणजे पाण्याचा सामू जरा इकडेतिकडे झाला की भाररहित भाग झपाट्याने बदलतो, आणि कल्ल्यांतून सहज जाणारा भाग तोच. त्याचा बीसीएफ सांगायचा तर सामू सांगितल्याशिवाय सांगूच नये. केओडब्ल्यूऐवजी त्या सामूवरचा डी-गुणक, म्हणजे भारित आणि भाररहित दोन्ही रूपं धरून ऑक्टॅनॉल-पाण्यातल्या वाटणीचा आकडा, घ्या, आणि भार असलेला भागही थोडाफार आत जातो हे लक्षात ठेवून आकडा कमाल-किमान अशा पट्ट्यात द्या.

पीएफओएस पाण्यात पूर्णपणे भारित असतं, चरबीत जात नाही. ते रक्तातल्या अल्ब्युमिनला आणि यकृतातल्या प्रथिनांना चिकटतं. त्यामुळे चरबीच्या टक्क्यांवर आधारलेलं काहीही त्याला लागू पडत नाही. माशातले मोजलेले बीसीएफ ५,००० च्या खाली आहेत, तरी २००९ मध्ये ते स्टॉकहोम कराराच्या यादीत गेलं, कारण ध्रुवीय अस्वलासारख्या वरच्या भक्षकांमध्ये ते प्रचंड प्रमाणात सापडलं. यातून एक महत्त्वाची गोष्ट कळते. कल्ल्यांनी श्वास घेणाऱ्याला पाण्यात रसायन सोडून देण्याची सोय आहे, फुप्फुसांनी श्वास घेणाऱ्याला ती नाही. बीसीएफ कमी असलेलं रसायन पक्ष्यात आणि सस्तन प्राण्यात वर चढू शकतं. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये खाडी रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरली. तिथे माशांवर जगणारे पक्षीही शेकड्यांनी आहेत. त्यांच्याबद्दल काही म्हणायचं असेल तर माशाचा बीसीएफ पुरणार नाही, हवा आणि ऑक्टॅनॉलमधल्या वाटणीचा आकडाही बघावा लागेल. तुमच्या प्रकल्पाबाहेरचं आहे, पण एक परिच्छेद लिहाच.

धातूंना बीसीएफ लावण्याला माझा ठाम विरोध आहे. धातूंमध्ये पाण्यातलं प्रमाण वाढलं की बीसीएफ कमी होतो, कारण जस्त-तांब्यासारखे धातू जीव स्वतः नियंत्रित करतो आणि इतरांसाठीही आत घेण्याची क्षमता मर्यादित असते. म्हणजे सगळ्यात स्वच्छ पाण्यात सगळ्यात मोठा बीसीएफ! जो आकडा पाणी जितकं घाण तितका लहान होतो, त्यावरून धोका कसा सांगणार? कॅडमियमसाठी खारटपणा बघा. खाऱ्या पाण्यात कॅडमियम क्लोराइडशी जोडलेलं असतं आणि आत कमी जातं. पावसाळ्यात उल्हासचं पाणी आणि नाल्यांचे लोंढे आले, खारटपणा खाली आला, की मोकळं कॅडमियम वाढतं आणि तेवढ्याच एकूण प्रमाणातून जास्त आत जातं. तीच खाडी, तोच कॅडमियमचा आकडा, पण मे महिन्यात एक उत्तर आणि ऑगस्टमध्ये दुसरं. एकच वर्षभराची सरासरी काढून हे सगळं पुसून टाकलेले अहवाल मी बरेच वाचलेत, आणि दरवेळी वाईट वाटतं, कारण नमुने मेहनतीने गोळा केलेले असतात.

पारा वेगळाच. खाडीतल्या पाऱ्यावर १९८० च्या दशकापासून छापील संशोधन आहे. पाण्यातला किंवा गाळातला एकूण पारा मोजून माशातला सांगता येत नाही, कारण मासळीत चढतो तो मिथाइल पारा. तो बनवतात ऑक्सिजन नसलेल्या काळ्या, कुजक्या वासाच्या गाळातले सल्फेटवर जगणारे जीवाणू, आणि असा गाळ तिवरांच्या मुळाशी भरपूर आहे. किती पारा मिथाइल होईल हे सल्फाइड, सेंद्रिय द्रव्य, तापमान यांवर ठरतं. पण एकदा तो झाला की अन्नसाखळीत पायरीगणिक वाढतो, आणि पाण्याच्या तुलनेत मोठ्या भक्षक माशात दहा लाख पटीपर्यंत जातो. तो चरबीत नाही, स्नायूंतल्या प्रथिनांना चिकटतो. म्हणून चरबी काढून टाकून, तळून किंवा उकळून पारा कमी होत नाही. इथे मॉडेलच्या नादी न लागता तीन पायऱ्यांवरचे जीव मोजा: तिसऱ्या, बोय, आणि जिताडा किंवा मोठा शिंगाळा. जमलं तर नायट्रोजन-१५ चं प्रमाणही काढून घ्या, म्हणजे कोण कितव्या पायरीवर आहे ते अंदाजाने ठरवावं लागणार नाही. एका पायरीला साधारण ३.४ प्रति हजार इतका फरक धरतात. सांडपाण्यामुळे खाडीतलं नायट्रोजन-१५ मुळातच चढलेलं असतं आणि ते जागेगणिक बदलतं, म्हणून पायाभूत आकडा त्याच जागच्या तिसऱ्यांवरून घ्या, ऐरोलीचा पाया बेलापूरला लावू नका.

तापमानाचं थोडक्यात. सॉफ्टवेअरमधला तोडण्याचा दर १० ग्रॅमच्या माशाला आणि १५ अंश सेल्सियसला बसवलेला असतो. आपली खाडी वर्षातला बराच काळ २५ ते ३० अंशांच्या घरात असते. गरम पाण्यात यकृताचं काम वेगाने चालतं, पण मासा खातोही जास्त आणि श्वासही जास्त घेतो. त्यामुळे सगळं एका दिशेला जात नाही. तापमान बदलून मॉडेल पुन्हा चालवा, आणि दोन्ही उत्तरं लिहा. एखाद्या रसायनाच्या तोडण्याच्या दरावरच सगळं अडलं असेल तर माशाच्या यकृतपेशींवर किंवा यकृताच्या अर्कावर तो मोजण्याच्या ओईसीडीच्या पद्धती २०१८ पासून उपलब्ध आहेत. त्याही रेनबो ट्राउटवर बसवलेल्या आहेत, आपल्या बोयवर ते काम कोणीतरी करायला हवं. पीएचडीला विषय शोधत असाल तर मी हाच सुचवेन.

आता बाबांचा प्रश्न. अंदाजावरून खायचं की नाही ठरत नाही, खाण्याच्या भागातल्या मोजमापावरून ठरतं. आणि तिथे वजनाचा घोळ सगळ्यात जास्त होतो. प्रयोगशाळा बऱ्याचदा कोरड्या वजनावर आकडा देते, एफएसएसएआयची (भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) मर्यादा असते ओल्या वजनावर. बहुतेक माशांच्या मांसात पाऊण भागाहून जास्त पाणी असतं, म्हणजे कोरड्या वजनाचा आकडा चार-पाचने भागायचा. बोंबलात तर पाणी ९० टक्क्यांच्या जवळ, तिथे आठ-दहाने भागावं लागतं. हे न करता 'मर्यादेच्या पाचपट' अशी बातमी झाली की कोळीवाड्यातल्या बाईच्या पाटीतली मासळी दिवसभर पडून राहते. आणि उलट, खरोखर मर्यादा ओलांडलेली असताना गप्प बसणं हा तिच्या घरातल्या मुलांवर अन्याय. दोन्ही टाळायचं तर ओलावा प्रत्येक नमुन्याचा मोजून अहवालात लिहा.

तुमचे आकडे येईपर्यंत बाबांना एवढं सांगायला हरकत नाही. आतडी, कल्ले, यकृत काढून टाकावं, चिंबोरीच्या पाठीखालचा पिवळसर-तपकिरी मऊ भाग खाऊ नये, कारण कॅडमियम मुख्यतः तिथे साचतं. नाल्याच्या किंवा सांडपाण्याच्या तोंडाजवळच्या तिसऱ्या, कालवं उचलू नयेत, रसायनांसाठीही आणि रोगजंतूंसाठीही. घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर मोठा, वयस्कर जिताडा त्यांना वारंवार देण्यापेक्षा लहान मासळी, कोळंबी, करंदी द्यावी. मासळी सोडा असं मी सांगणार नाही, त्याला आज आधार नाही.

आणि नमुन्यांचं वेळापत्रक आत्ताच बदलून घ्या. एक फेरी मे महिन्यात, खारटपणा सगळ्यात जास्त असताना. दुसरी ऑगस्टमध्ये, पाणी गोडसर झाल्यावर. दोन्ही वेळा त्याच तीन जागा, त्याच आकाराचे मासे, आणि प्रत्येक माशाची लांबी, वजन, चरबी आणि ओलावा. बीसीएफचा तक्ता नंतर करता येईल. मासा किती मोठा होता हे लिहून ठेवलं नाही तर ते पुढे कुठूनच मिळत नाही.